मालनची साक्ष

“अहो, चहा गार झाला!” मी आतून पुन्हा ओरडले.

“हो, हो,” इंद्रजित म्हणाला आणि जागचा हलला नाही.

दारातल्या पायरीवर बसून, दूध तापत ठेवलेल्या पातेल्याकडे बघावं तसा तो मोबाईलकडे बघत होता. तेवढ्यात फोन टिणकन वाजला आणि तो हसला. दात न दाखवता, स्वतःशीच. लग्नाआधी गारगोटीच्या स्टँडवर मला बघून तो अगदी असाच हसायचा. त्यामुळे हे हसू कसलं आहे, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

“कोण?” मी पदराला हात पुसत बाहेर आले.

“कोण नाही गं. सातीचा झरा हिरवा झाला.”

मी त्याच्या हातातून फोन घेतला. नकाशावर डोंगराच्या कुशीत एक हिरवा ठिपका चमकत होता आणि खाली लिहिलं होतं : साक्ष – मालन.

त्या आठवड्यात हे नाव मी पहिल्यांदा बघत नव्हते. पण त्या संध्याकाळी ते माझ्या डोळ्यांत खुपलं, आणि एकदा खुपल्यावर मी काही स्वस्थ बसणाऱ्यांतली बाई नव्हे.

आधी हा नकाशा काय होता ते सांगते. इंद्रजित हायस्कूलमध्ये भूगोलाचा मास्तर. आमच्या भागात डोंगरावरचे सडे, म्हणजे माथ्यावरची सपाट रानं, फार्महाऊसवाल्यांना विकले जात होते. सडा विकला की तारेचं कुंपण आलंच, आणि त्या कुंपणात पाण्याच्या जुन्या वाटा, झरे, गुरांच्या पाणवठ्याच्या जागा अडकायच्या. सरकारी नकाशात हे काही दाखवलेलं नसायचं. मग “इथं झरा कुठे होता?” असं विचारलं की गावकऱ्यांनी नुसतं एकमेकांकडे बघायचं. म्हणून पुण्याच्या काही मुलामुलींनी ‘वहिवाट’ नावाचा एक नकाशा मोबाईलवर आणला होता, आणि आमच्या तालुक्यात त्याचं काम इंद्रजितनं अंगावर घेतलं होतं. पगार नाही, भत्ता नाही, नुसती हौस.

तो नकाशा ब्लॉकचेनवर होता. हे ब्लॉकचेन म्हणजे काय, ते इंद्रजितनं एकदा माझ्या दुकानात येऊन शकिलाला समजावलं होतं. शकिला म्हणजे माझी मैत्रीण. ब्लाऊज शिवायच्या आमच्या दुकानात एक मशीन तिचं, एक माझं.

“समज, लग्नाची पत्रिका छापली आणि गावभर वाटली,” तो म्हणाला. “नंतर एखाद्यानं आपल्या घरातल्या पत्रिकेवर नवऱ्या मुलाचं नाव खोडून दुसरं लिहिलं, तर नवरा बदलेल का?”

“बाकीच्या पत्रिका हायेत की गावात,” शकिला म्हणाली.

“तेच. इथली नोंद अशी एका जागी नसते, हजार ठिकाणी असते. एकदा टाकली की कुणाला पुसता येत नाही. ज्यानं टाकली त्यालाही नाही, ज्यांनी नकाशा केला त्यांनाही नाही.”

कोणीही आपल्या नावानं किंवा टोपणनावानं जागा टाकायची. टाकली की ती राखाडी दिसायची. मग दुसऱ्या कोणीतरी प्रत्यक्ष तिथं जाऊन, त्या जागेवर उभं राहून साक्ष द्यायची, की ती हिरवी व्हायची. साक्ष देताना फोन एक प्रश्न विचारायचा : नोंद करणारी व्यक्ती तुमच्या घरातली आहे का? ‘हो’ म्हटलं की साक्ष बाद. नाहीतर घरच्या घरात लोकांनी एकमेकांच्या खोट्या विहिरी हिरव्या केल्या असत्या. नियम शहाणपणाचा होता. पण त्यामुळे मला, त्याच्या लग्नाच्या बायकोला, त्याच्या एकाही झऱ्याची साक्ष देता येत नव्हती. आणि ही कोण कुठली मालन त्याच्या प्रत्येक झऱ्यावर जाऊन उभी राहत होती.

“प्रत्येक?” शकिलानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“प्रत्येक. मी रात्रभर बसून सगळे बघितले. त्यानं जागा टाकली की एकदोन दिवसांत ही हजर. आणि दुसऱ्या कुणाच्या जागेकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही. शाळेतल्या गुरव सरांनी सातीच्या झऱ्याशेजारचीच विहीर टाकलीय, ती महिनाभर राखाडी पडलीय.”

“असेल एखादी शिक्षिका. हौशी.”

“हौस बघ की तिची! बरं, हौस तिला एकटीलाच नाही. हा काय लिहितो ते वाच.” मी तिच्यापुढे फोन धरला. जागा टाकताना खाली चार शब्द लिहिता येत. पूर्वी इंद्रजित लिहायचा : बारमाही झरा, उत्तर उतार. आता लिहीत होता : वाट निसरडी आहे, काठी घेऊन यावे. दुसऱ्या ठिकाणी : उन्हाचे येऊ नये. तिसऱ्या ठिकाणी : शेजारी बसायला सपाट दगड आहे.

शकिलानं ते दोनदा वाचलं आणि ओठ मुडपले. “बाईसाहेबांच्या पायाला काटा बोचू नये, होय?”

“मला कधी म्हणाला नाही गं, वैजू, वाट निसरडी आहे म्हणून. जोतिबाला गेलो तेव्हा मी पायऱ्यांवरून घसरले, तर म्हणाला, बघून चालत जा.”

शकिला हसली. मला हसू आलं नाही. इंद्रजितनं माझ्यासाठी घर सोडलं होतं. माझी जात त्याच्या वडिलांना चालली नाही. लग्नाला त्याच्या घरचं कोणी आलं नाही, आणि वडिलांनी निरोप पाठवला की ह्यापुढं हा उंबरा तुझा नाही. पुढं त्याची आई गेली, तेव्हा तो एकटाच जाऊन, लांब उभा राहून परत आला. तिकडून कोणी त्याच्याशी बोललं नाही. मला तर त्या वाडीतलं कुत्रंही ओळखत नव्हतं. या सगळ्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी माणसानं घर सोडलं! पण त्या दिवसांत तोच अभिमान उलटा होऊन मला खायला उठला. जो माणूस एक घर सोडू शकतो, तो दुसरंही सोडू शकतो.

त्या संध्याकाळी मी सरळच विचारलं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, भांडणात इंद्रजित.

“इंद्रजित, ही मालन कोण?”

तो जेवत होता. घास हातातच राहिला. “असेल कोणीतरी. टोपणनाव असतं ते. मला कसं माहीत?”

“तुझ्याच मागं बरी असते.”

“भाजीत मीठ कमी आहे का गं?” तो म्हणाला.

मीठ बरोबर होतं. आमच्या संसारात तो माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला, आणि बोलताही येत नव्हतं बिचाऱ्याला. कान लाल झाले होते.

“रविवारी मीही येते डोंगरावर,” मी म्हणाले.

“नको. चढ आहे. तुझे गुडघे दुखतात.”

माझे गुडघे कधी दुखले नव्हते.

रविवारी तो एकटाच गेला आणि संध्याकाळी नकाशावर एक नवा राखाडी ठिपका आला. उंबरपाणी. खाली लिहिलं होतं : फाट्यापासून जवळ. सावली आहे. बसायला दगड आहे. मी ते ठिकाण मनात घोकून ठेवलं. सोमवारी तो शाळेत गेल्याबरोबर मी कपाटातली मोरपंखी सिल्कची साडी काढली, गजरा माळला, उंच टाचेची चप्पल घातली आणि दुकानाची किल्ली शकिलाकडे दिली.

शकिलानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “भांडायला चाललीस का लग्नाला?”

“तिला कळू दे, घरात काय आहे ते.”

“वैजू, ती खरंच देखणी निघाली तर?”

“तर आधी तिचं थोबाड फोडीन, मग रडीन,” मी म्हणाले आणि एस.टी. पकडली.

फाट्यावर उतरले आणि चढायला लागले. सिल्कची साडी नेसून सडा चढणं काय असतं ते चढल्याशिवाय कळत नाही. कुसळं निऱ्यांत शिरली, गजरा मानेवर आला, आणि अर्ध्या वाटेत एका चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत मी उंबरपाण्यावर पोचले. छान जागा होती, कबूल करायला हवं. उंबराखाली दगडी डोणी, त्यात काचेसारखं पाणी, आणि शेजारी खरोखरच सपाट दगड. त्या दगडावर मी मुद्दामच ऐसपैस बसले. येऊ दे, म्हटलं, आता बसते कुठे ते बघू.

बऱ्याच वेळानं एक म्हातारा वर आला. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. त्यानं पायताण लांब काढून ठेवलं, डोणीच्या खालच्या अंगाला पाय धुतले, ओंजळीनं पाणी प्यायला आणि मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“कोन गं बाई तू? हितं काय करालीस?”

“वाट बघतेय, मामा.”

“कुनाची?”

“एका बाईची. तुम्ही इकडचेच ना? मालन नावाची बाई माहीत आहे का कोणी?”

म्हातारा काठीवर भार देऊन तसाच उभा राहिला. मग हळूच खाली मातीत बसला. दगड मी अडवला होता.

“मालन?” तो म्हणाला. “तिच्याकडं काय काम हाय?”

“काम कसलं? झिंज्या उपटायच्यात तिच्या.”

“का गं? काय केलं तिनं?”

“माझ्या नवऱ्याच्या मागं लागलीय. तो जिथं जातो, तिथं ही जाते. हा आज गेला की ही उद्या. एवढी वर्षं संसार केला मी, आणि आता ही कोण मधे तडमडली?”

अनोळखी माणसापुढं मी एवढं कसं बोलले कोण जाणे. राग पोटात मावत नव्हता, आणि त्या रानात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. म्हाताऱ्याला ठसका लागला. खोकून झाल्यावर त्यानं विचारलं, “नवरा काय करतो तुजा?”

“मास्तर आहे, भूगोलाचा. हे पाणी त्यानंच नकाशावर टाकलंय.”

तेव्हा त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. साडीकडं, मंगळसूत्राकडं, मग पायांकडं.

“नाव काय तुजं?”

“वैजयंता.”

“वैजयंता,” तो सावकाश म्हणाला. “चप्पल तुटली व्हय? दे हिकडं.”

“असू द्या हो.”

“दे म्हन्तो न्हवं?”

त्यानं खिशातून सुतळी काढली आणि माझी चप्पल मांडीवर घेऊन अंगठा बांधायला लागला. मी आपली बोलतच होते. तो काय लिहितो, कसा हसतो, फोन वाजला की कसा उठून बाहेर जातो. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता.

“हसतो म्हन्तीस?” त्यानं मधेच विचारलं.

“तर! एकटाच.”

“आन तब्येतीनं बरा हाय?”

“त्याला काय धाड भरलीय?”

“न्हाई, थंडीत खोकला हुतो त्येला. म्हंजे, मास्तर लोकांस्नी हुतो. खडूचा.”

रागाच्या भरात मला त्यातलं काही खटकलं नाही. त्यानं सुतळीची गाठ दातानं ओढून घट्ट केली, चप्पल माझ्या पायापाशी ठेवली आणि म्हणाला, “मालन न्हाई यायची, पोरी.”

“का? तुम्ही ओळखता तिला?”

“ती मेली.”

“मग साक्ष कोण देतंय?”

त्यानं बंडीच्या खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली. पिशवीत मोबाईल होता. तो हात लांब करून त्यानं डोळे बारीक केले, दोनतीन ठिकाणी दाबलं आणि फोन माझ्यापुढं धरला.

“हे काय इचारतंय, वाच बघू. मला म्हाईत हाय. तरी वाच.”

मी वाचलं. “नोंद करणारी व्यक्ती तुमच्या घरातली आहे का?”

खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही. त्यानं ‘नाही’वर अंगठा ठेवला आणि दाराची घंटा दाबावी तसा जोरात दाबला. फोनला एवढा जोर लागत नाही. हे मी इंद्रजितला लग्न झाल्यापासून सांगत आलेय, तोही असाच दाबतो. उंबरपाण्याचा ठिपका हिरवा झाला. खाली अक्षरं उमटली : साक्ष – मालन.

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग कानांकडे. कान लाल झाले होते.

“आबा?” मी म्हणाले. इंद्रजित त्यांचं नाव काढायचा तेव्हा आबाच म्हणायचा.

त्यांनी फोन खाली केला. मी उठून दगडावरून बाजूला झाले. मी बसा म्हणाले नाही, आणि तेही बसले नाहीत.

“मालन कोण?” मी विचारलं.

“त्येची आई.”

“त्यांचं नाव पार्वती होतं.”

“त्ये मी ठेवलेलं. लग्नात, तांदळावर लिवून. म्हायेरचं नाव मालन. पार्वती माजं ऐकायची. मी म्हटलं, पोराकडं जायाचं न्हाई, तर गेली न्हाई. लई रडली, पर गेली न्हाई. मरंस्तवर न्हाई गेली.” त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. “मालन कुनाचं ऐकत नव्हती. लग्नाआदी बापाला न इचारता गाडी जुपून जत्रंला गेलती, भावंडांस्नी घिऊन. देवळात ह्या फोनाचं शिकवायला पोरी आल्या, त्या म्हटल्या, आजोबा, नाव काय घालू? मी म्हटलं, घाल मालन. मला कुठलं तोंड हाय त्येच्या मागं जायाला? तिला हाय. पोरगं जितं हुबं ऱ्हायलं, तितं जाऊन हुबं ऱ्हायाचं. दुसरं काय न्हाई.”

“त्याला माहीत आहे?”

“म्हाईत नसंल कसं? मामाच्या गावात समदी तिला मालनच म्हनायची.”

म्हणजे काठी ह्यांच्यासाठी होती. सावली ह्यांच्यासाठी, दगड ह्यांच्यासाठी.

ऐकणाऱ्याला वाटेल, आता मला गहिवरून आलं असेल. आलं नाही. आला तो राग, आणि आधीच्यापेक्षा दुप्पट. बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी मी भांडले असते, तिला पळवून लावलं असतं. ह्यांच्याशी काय भांडणार? ज्या दोघांचं माझ्यावरून वैर झालं, ते दोघं माझ्या नकळत डोंगराडोंगरांवर भेटत होते. एक आज, एक उद्या. एकमेकांची वाट बघत होते, एकमेकांच्या पायांची काळजी करत होते. आणि मी, जिच्यापायी हे सगळं झालं, तेवढी एकटी बाहेर. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. मला नवऱ्याचा हेवा वाटला. मेलेल्या सासूचासुद्धा वाटला, की तिला निदान ह्या खेळात नाव तरी होतं.

“दर वेळी ‘नाही’ दाबता?” मी जरा कडकच विचारलं.

“मग काय दाबू? हो म्हटलं की साक्ष जाती. आन ह्यात खोटं काय हाय? मीच सांगितलं हुतं, हा उंबरा तुजा न्हाई म्हनून.” मग फोनकडे बघत ते म्हणाले, “काय गं, ह्यातलं मागलं पुसता येतं काय?”

“नाही. पुसता येऊ नये म्हणूनच केलंय हे.”

त्यांनी मान हलवली, फोन पिशवीत घातला आणि काठी उचलली. “यष्टी चुकंल तुजी. जा. उतारावर जपून.”

घरी आले तेव्हा इंद्रजित पायरीवर बसला होता. उंबरपाणी हिरवं झालेलं त्यानं बघितलं होतं, आणि आता माझ्या निऱ्यांतली कुसळं बघत होता.

“कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मला?”

“तू म्हणाली असतीस, चल, जाऊ. आपण गेलो असतो. आणि त्यांनी तुझ्या तोंडावर दार लावलं असतं, वैजू, तर मला पुन्हा त्यांच्यासाठी झरा टाकता आला नसता. मग हेही गेलं असतं.”

“मग ठेव तुझे झरे तुझ्याकडं. मी कोण? मी बाहेरचीच.”

मी चप्पल काढून त्याच्यापुढं टाकली. “ही बघ. तुटली होती. त्यांनी बांधून दिली. मांडीवर घेऊन.”

त्यानं ती चप्पल उचलली, सुतळीच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि तोंड भिंतीकडं केलं. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. तेव्हा कुठं मला कळलं, त्या माणसानं माझ्या पायातलं मांडीवर घेतलं, तेव्हा मी कोण ते त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फोनवर ‘वहिवाट’ उघडलं आणि माझी पहिली जागा टाकली. आमचं घर. खाली लिहिलं : पिण्याचे पाणी, माठातले. वाट सपाट आहे. काठी नसली तरी चालेल. बसायला पाट आहे.

इंद्रजितनं दाढी करता करता ते बघितलं आणि गालाला वस्तरा लागला. “हे काय केलंस? आता हे पुसता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“आणि नाही आले तर?”

“तर राहील राखाडी.”

आले नाहीत. मी मशीनवर बसून दर टाक्याला फोन बघायची. शकिला माझ्या उसवलेल्या शिवणी निमूट पुन्हा शिवायची. त्या आठवड्यात इंद्रजितनं खालच्या अंगाचं एक तळं टाकलं, ते दुसऱ्याच दिवशी हिरवं झालं. साक्ष – मालन. म्हणजे मालनबाईंना लेकाचं तळं चालत होतं, माझ्या माठातलं पाणी नको होतं. त्या दिवशी मी फोन पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. माझा एवढा अपमान लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

मग एका रविवारी दुपारी इंद्रजित दळण आणायला गिरणीत गेला असताना दारात काठी वाजली.

आबा पायरीपाशी उभे होते. पायताण काढावं की न काढावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. बोलले असते तर रडले असते किंवा भांडले असते. मी पाट मांडला आणि माठातलं पाणी तांब्यात काढलं. त्यांनी पायताण काढलं, उंबरा ओलांडला आणि पाटावर बसून तांब्या तोंडाला लावला. माझ्या हातचं पाणी. घोट घशाखाली उतरताना मी बघत होते.

मग त्यांनी दुधाची पिशवी काढली. पिशवीतून फोन काढला. लांब धरला, डोळे बारीक केले.

“वाच,” ते म्हणाले.

ती जागा मी टाकलेली होती, प्रश्न तोच होता. मी वाचलं. “नोंद करणारी व्यक्ती तुमच्या घरातली आहे का?”

त्यांचा अंगठा वर झाला. ‘नाही’ म्हटलं की माझं घर हिरवं होणार होतं, इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते. आणि त्या क्षणी मला कळलं की हिरवं झालं तर आबा वाटसरू म्हणून पाणी पिऊन जातील, इतर झऱ्यांवरून जातात तसेच. दारात सावली पडली. इंद्रजित पिठाचा डबा घेऊन उभा होता. पायरीवरचं पायताण बघून तो तिथंच थांबला होता.

आबांनी अंगठा दाबला, दाराची घंटा दाबावी तसा. फोन वेगळ्याच आवाजात गुरगुरला.

“काय म्हन्तंय?” त्यांनी विचारलं.

मी बघितलं. “घरातल्या व्यक्तीची साक्ष चालत नाही, म्हणतंय.”

“न चालंना का,” आबा म्हणाले आणि फोन पिशवीत घातला. “पानी ग्वाड हाय. इंद्रा, हुबा का ऱ्हायलास? डबा ठेव की खाली.”

आज आबा नाहीत. त्यानंतरची काही वर्षं ते आमच्याकडे यायचे, राहायचे, माझ्या भाकरीला नावं ठेवायचे, आणि लेकाच्या बाजूनं माझ्याशी भांडायचे. मला राग यायचा आणि तो राग मला आवडायचा. त्यांचे सगळे ‘नाही’ त्या नकाशात बसले आहेत, प्रत्येक झऱ्यावर एक. ते कोणाला पुसता येणार नाहीत. त्यांचा एकच ‘हो’ मात्र कुठंच नोंदला गेला नाही, कारण बाद झालेली साक्ष नकाशा ठेवत नाही.

आता अख्खा तालुका हिरव्या ठिपक्यांनी भरलाय आणि मधोमध आमचं घर तेवढं राखाडी दिसतं. नवी पोरं येतात, म्हणतात, सरांच्याच घराची साक्ष राहिलीय, देऊन टाकतो की. मी त्यांना चहा देते आणि फोन खिशात ठेवायला लावते. परवा शकिलाही म्हणाली, “मी तर दोन गल्ल्या सोडून राहते, वैजू. मी देते साक्ष, दाबू का?”

“हात लावून तर बघ,” मी म्हणाले.